वजन उतरतं, वय उतरत नाही

लग्नसराई सुरू झाली की सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागातली खानदेशी कुटुंबं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावकडे निघतात. मांडवात पाय ठेवताच पहिली विचारपूस तब्येतीची होते. साठीच्या एखाद्या बाईने वर्षभर नेटाने बारा-पंधरा किलो वजन कमी केलेलं असतं. साखर आटोक्यात आलेली असते, जिना चढताना गुडघ्याला हात लावावा लागत नाही. आणि समोरून प्रश्न येतो, "काय वं माय, तब्येत बरी शे ना? किती वाळी गयी तू!" सुरतेला परत यावं, तर शेजारच्या बेन दारातच विचारतात, "केम आटला सुकाई गया?" दोन्ही प्रश्नांत माया असते. तरी त्या रात्री ती बाई आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहते. गळ्याखाली लोंबणारी कातडी चिमटीत धरून पाहते आणि इतके कष्ट नेमके कशासाठी केले, असं तिला वाटून जातं.

वजन कसं उतरवायचं, हे आज सगळेच सांगतात. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवणाच्या पद्धतीवर मराठी घरांत गेली काही वर्षं तावातावाने चर्चा होते आहे. फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी घरातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. त्याच वर्षी वजन घटवणारी इंजेक्शनं भारतीय बाजारात आली. पण साठीत वजन उतरलं की शरीर कसं दिसेल, त्यातलं काय परत येईल आणि काय येणार नाही, हे आधी कोणी सांगत नाही. त्यामुळे औषधाच्या आणि आहाराच्या दृष्टीने यशस्वी झालेली माणसं मनातून हरल्यासारखी वावरतात. हे थांबायला हवं, आणि थांबवता येण्यासारखं आहे.

आधी कातडीचं पाहू. त्वचेला ताणून पुन्हा जागेवर आणणारं इलास्टिन नावाचं प्रथिन बहुतांशी बालपणातच तयार होतं आणि शरीर आयुष्यभर तेच वापरतं. प्रौढपणी ते नव्याने जवळजवळ बनत नाही. त्वचेला भरीवपणा देणारं कोलॅजन तरुणपणापासूनच दरवर्षी थोडं थोडं घटत जातं, आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत स्त्रियांच्या त्वचेतलं कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. वीस-तीस वर्षं आतल्या चरबीने ताणून धरलेली अशी त्वचा चरबी गेल्यावर पुन्हा पूर्वीसारखी आखडत नाही. गालांवरची, डोळ्यांखालची चरबीही उतरते. त्यामुळे चाळिशीत वजन उतरलेला माणूस तरुण दिसला, तरी साठीत उतरलेला माणूस वयाने मोठा दिसू शकतो. यात त्या माणसाची चूक नसते आणि आहाराचीही नसते.

बदल एकाच वेळी अनेक ठिकाणी जाणवतात. बांगड्या कोपराकडे सरकतात. अंगठी घसरू नये म्हणून तिला दोरा गुंडाळावा लागतो. कवळी सैल होते. कपाटातले ब्लाउज घेऊन शिंप्याकडे जावं लागतं, तो दोन्ही बगलांना आतून टिपा मारतो आणि उद्या पुन्हा अंग भरलं तर लागेल, या विचाराने कापड न कापता तसंच आत राहू देतो. ब्लाउजला अशी टीप मारता येते, कातडीला येत नाही. दंडाखालची ती सैल घडी हात वर केला की दिसणार, आणि पुढेही दिसतच राहणार. हे सत्य पहिल्याच दिवशी कळलं तर माणूस त्याच्याशी झगडत बसत नाही.

सुरतेत वजन वाढायला कारणं भरपूर आहेत. सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. इथला रविवार खमण आणि लोचोने उजाडतो. लोचो मुळात हरभऱ्याच्या डाळीचा आणि वाफवलेला. त्यावर पडणारं तेल, लोणी आणि शेव त्याला जड करतात. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, खवा आणि तुपाने भरलेली घारी घरोघर येते. संक्रांतीला उंधियू. त्यात खानदेशी घरची शेवभाजी, वरण-बट्टी आणि मांडे मिळतात.

पण खाण्यालाच सगळा दोष देणं अन्यायाचं होईल. सुरतेच्या मराठी वस्त्यांतल्या असंख्य बायकांनी ऐन उमेदीची वर्षं जमिनीवर बसून साड्यांचे धागे कापण्यात, लेस लावण्यात, स्टोन चिकटवण्यात घालवली आहेत. पाठ वाकलेली, मान खाली, पाय दुमडलेले. पुरुषांनी लूमच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या उभ्याने काढल्या आणि काम सुटल्यावर ते अचानक खुर्चीत बसले. साठीला आलेली शरीरं या कामाने घडवली आहेत. त्यांच्यावरचं वजन हे आळसाचं लक्षण समजणाऱ्यांनी एकदा त्या खोल्यांतून दिवसभर बसून पाहावं.

भारतीय शरीराची आणखी एक खूण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधनाने जगापुढे आणली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची एक छोटीशी नोंद २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनाचा काटा जे सांगत नाही, ते त्या दोन आकड्यांनी सांगितलं. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची जादा वजनाची पायरी २५ ऐवजी २३ वर आणली गेली. साठीनंतर वजन उतरवणाऱ्यांना यातून मिळणारा इशारा मोठा आहे. किती किलो गेले याच्याइतकंच, त्या किलोंत काय गेलं हे महत्त्वाचं.

वजन घटतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. ढोबळमानाने उतरलेल्या वजनाचा पाव हिस्सा चरबीव्यतिरिक्तचा, म्हणजे बराचसा स्नायूंचा असतो. नुसतं उपाशी राहून किंवा घाईने वजन उतरवलं तर हा हिस्सा वाढतो. तिशीनंतर स्नायू दर दशकाला तीन ते आठ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. म्हणजे साठीतला माणूस आहार सुरू करतो तेव्हा त्याची स्नायूंची शिल्लक आधीच कमी झालेली असते. पुढे वजन परत वाढलं, तर येते ती बहुतेक चरबी. गेलेले स्नायू आपोआप परत येत नाहीत. त्यामुळे दर दोन वर्षांनी वजन उतरवणं आणि चढवणं हा वाढत्या वयात तोट्याचा व्यवहार ठरतो.

यावर उपाय आहे, आणि तो तपासूनही पाहिलेला आहे. अमेरिकेत डेनिस व्हिलारियल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्टीपुढच्या १६० स्थूल व्यक्तींवर सहा महिने अभ्यास केला. तो २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. आहार नियंत्रणाबरोबर एका गटाला चालण्यासारखे दमसासाचे व्यायाम दिले, दुसऱ्याला वजनं उचलण्याचे, तिसऱ्याला दोन्ही. तिन्ही गटांचं वजन सारखंच, सुमारे नऊ टक्क्यांनी उतरलं. पण नुसत्या दमसासाच्या गटाने चरबीव्यतिरिक्तचं वजन पाच टक्के गमावलं, वजनं उचलणाऱ्यांनी दोन टक्के, दोन्ही करणाऱ्यांनी तीन टक्के. खुब्याच्या हाडाची घनता पहिल्या गटात तीन टक्क्यांनी घटली, वजनं उचलणाऱ्यांत जेमतेम अर्ध्या टक्क्याने. रोजच्या हालचालींच्या चाचणीत सर्वांत पुढे गेला तो दोन्ही व्यायाम करणारा गट; त्याची क्षमता २१ टक्क्यांनी वाढली, बाकी दोघांची १४ टक्क्यांनी.

सुरतेत गौरव पथावर, अठवा लाइन्सला किंवा डुमसकडे पहाटे चालणाऱ्यांना हे आवर्जून सांगायला हवं. रोजचं चालणं उत्तमच, पण साठीनंतर वजन उतरवत असताना ते पुरेसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची सूचनाही तेच सांगते. पासष्टीनंतर आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे.

सार्वजनिक जीवनातल्या मराठी माणसांपैकी याबाबत मोकळेपणाने बोललेलं ठळक नाव नितीन गडकरींचं. २०११ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांनी मुंबईत वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती लपवली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनच्या जाहीर सभेत त्यांनी आपलं वजन पूर्वी १३५ किलो होतं आणि आता ९३ किलो आहे, असं सांगितलं. तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना त्यांनी वजन कमी करण्याचं आव्हान दिलं, किलोमागे हजार कोटींच्या विकासकामांची तयारी दाखवली, आणि फिरोजियांनी पुढच्या काही महिन्यांत पंधरा किलो उतरवले. राजकारण बाजूला ठेवून या प्रसंगाचं मोल मान्य केलं पाहिजे. मध्यमवयातलं वजन ही लपवण्याची गोष्ट नाही, हे एका केंद्रीय मंत्र्याने माईकवरून सांगितलं. पण अशी मोकळीक आपल्याकडे बहुतांशी पुरुषांनाच मिळते. पुरुष उतरला की त्याची वाहवा होते, बाई उतरली की तिला काही दुखणं तर नाही ना, अशी शंका येते. हा दुजाभाव सरळसरळ चुकीचा आहे.

वजन उतरल्यावरच्या शरीराचा हा प्रश्न इंजेक्शनांमुळे आणखी घरांत पोचणार आहे. टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात विक्रीला आलं. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती, त्यामुळे स्वस्त आवृत्त्यांचा मार्गही मोकळा झाला. औषध परिणामकारक आहे. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. भूक मारणारं औषध घेणाऱ्या सत्तरीच्या माणसाच्या ताटातून आधी डाळ, दही, अंडी कमी झाली, तर काट्यावरचा आकडा सुखावेल आणि पाय लटपटतील. शेजाऱ्याने घेतलं म्हणून आपणही घ्यावं, असं हे औषध नाही.

मग साठीनंतरच्या शरीराकडे पाहायचं कसं? उत्तर दिसण्यात शोधलं तर निराशाच पदरी येते. काय करता येतं, यात शोधलं तर वाढत्या वयातही हाती बरंच लागतं. उषा सोमण यांनी २०२० मध्ये आपल्या ८१ व्या वाढदिवसाला साडी नेसून पंधरा पुशअप्स काढले. बारामतीच्या लता करे साठी उलटल्यावर, नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांची शर्यत जिंकल्या. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते, म्हणून धावल्या. त्यांच्या आयुष्यावरच्या 'लता भगवान करे' या चित्रपटाचा पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. या दोघी स्थूलपणातून आलेल्या नाहीत आणि प्रत्येकाने पुशअप्स काढावेत, धावावं असंही नाही. पण त्यांच्याकडे पाहताना कोणाच्या मनात सुरकुत्यांचा विचार येत नाही. आपल्या आईकडे, मावशीकडे, आरशातल्या स्वतःकडे पाहतानाही तो येऊ नये.

उशीर झाला, ही सबब मात्र टिकत नाही. बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या, आश्रयगृहात राहणाऱ्या अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत स्नायू व्यायामाला असा प्रतिसाद देत असतील, तर पासष्टीत आशा सोडायचं कारण नाही. कातडी जे करू शकत नाही, ते स्नायू करू शकतात. आपले कष्ट कुठे लावायचे आणि कुठे सोडून द्यायचे, हे एवढ्यावरून ठरवावं. शरीर स्वीकारणं याचा अर्थ हाच. जे परत येणार नाही त्यावर रोज रडू नये, आणि जे परत मिळवता येतं ते आळसाने गमावू नये.

आपण कुठे आहोत हे घरच्या घरी तपासता येतं. हाताची घडी छातीवर ठेवून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील, तर स्नायूंची तपासणी करून घ्यावी. शिंप्याची टेप पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती गुंडाळावी. पुरुषांची पोटरी ३४ सेंटीमीटरपेक्षा आणि स्त्रियांची ३३ पेक्षा कमी भरली, तर तेही इशाऱ्याचं लक्षण. पोटाचा घेर पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटीमीटरच्या आत ठेवावा. दर आठवड्याला काट्यावर चढणाऱ्याने महिन्यातून एकदा या गोष्टी वहीत लिहिल्या, तर काट्यापेक्षा बरंच जास्त कळेल.

ताटाचंही तसंच. वाढत्या वयात वजनाच्या किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिन लागतं, असं ज्येष्ठांच्या आहाराचे अभ्यासक सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांनाच विचारावं. साठ किलोच्या माणसाला हे साठ ते सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम होतं आणि दोन पोळ्या-भाजीतून ते निघत नाही. खानदेशी स्वयंपाकघरात याची सोय पूर्वापार आहे. ज्वारीत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, मटकी, दही, शेंगदाणे. चालत असेल त्याला अंडी आणि मासे. उपास करून वजन उतरवणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा कमी केल्या, तरी यातलं कमी करू नये.

कातडीची देखभाल हा लाजण्याचा विषय नाही. सुरतेच्या दमट पावसाळ्यात पोटाच्या, छातीखालच्या आणि जांघेतल्या घड्यांत घाम साठतो, बुरशी धरते, खाज सुटते. आंघोळीनंतर घड्या कोरड्या टिपणं, सुती कपडे आणि लाली दिसताच त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणं, एवढं पुरतं. घड्या फार मोठ्या असतील आणि वारंवार जखमा होत असतील, तर जादा त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया आहे. ती करून घेणाऱ्याला नटवेपणाचा टोमणा मारू नये, आणि न करणाऱ्याला भिडस्त ठरवू नये.

एक गोष्ट बजावून सांगायला हवी. काही न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, तर ते वयावर ढकलू नये. मधुमेह बिघडणं, क्षयरोग, थायरॉइड, कर्करोग, नैराश्य यांपैकी काहीही कारण असू शकतं. आणि ठरवून वजन उतरवणाऱ्यांनी साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावं. शरीर हलकं झालं आणि गोळ्या जुन्याच राहिल्या, तर साखर एकदम खाली जाणं, उठताना चक्कर येणं, पडणं, हे सगळं घडतं. साठीनंतरचं एक पडणंही महाग पडतं.

यात महापालिकेचाही वाटा आहे. सुरत महानगरपालिका मराठीसह अनेक माध्यमांतून शाळा चालवते. तशीच लिंबायत-उधन्याच्या दाट वस्तीत, बागांत आणि समाजवाड्यांत, आठवड्यातून दोन सकाळी ज्येष्ठांसाठी ताकदीच्या व्यायामाचे वर्ग सुरू करावेत. त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत. खुर्ची, भिंत, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या आणि शिकवणारा एक जाणकार पुरतो. घरच्यांनी आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर भाष्य करण्याऐवजी त्यांना या वर्गाला सोडून यावं.

आणि ज्यांनी या वयात वजन उतरवायला घेतलं आहे, त्यांना एकच आग्रहाचं सांगणं. डॉक्टरांकडून आहाराचा कागद घ्याल, तेव्हा दंड आणि मांड्यांच्या व्यायामाचा कागदही त्याच दिवशी मागून घ्या, आणि वजन उतरल्यावर कातडी कशी दिसेल हेही त्यांना तिथेच विचारा.